दलालाची फी

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा तो माणूस स्क्रीनवरचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचा. पुढेमागे कापसाचा धंदा करायचा म्हणून त्यानं वेबसाइटचं एक नाव विकत घेऊन ठेवलं होतं. एक दिवस अनोळखी ईमेल आला: ते नाव आम्ही चार लाखांना घेतो, फक्त दलालाची फी आधी भरा.

"गिऱ्हाईक खरं असतं तर दलाली विकल्यावर कापली असती," त्याच्या शेजारी नेहमी बसणारा मी म्हणालो.

"भाऊ, तो मले सर म्हणून राह्यला," तो म्हणाला.

त्यानं अठरा हजार भरले. दुसऱ्या दिवसापासून दलालाचा फोन बंद. ही गोष्ट त्यानं माझ्याशिवाय कोणालाच सांगितली नाही.

पंधरा दिवसांनी शिकवणी घेणाऱ्या एक बाई त्यांच्या वेबसाइटच्या नावासाठी आलेला तसाच ईमेल घेऊन आल्या. त्यानं तो मनातल्या मनात वाचला.

"फी भरू ना?" बाईंनी विचारलं.

मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो.

"भरा," तो म्हणाला आणि त्यानंच बाईंच्या खात्यातून ती भरून दिली.

बाई गेल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं त मले कसं माईत, हे बी सांगा लागलं असतं." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अन् तुमी त बाजूलेच बसून होते, भाऊ."