कोरड्या इटांची भिंत

तिथं मी व्हते, माझी सून, गावचा गवंडी आन् आमचं घर बांधाया परदेशातनं सेवा म्हनून आलेल्या चार बाया. कुटं भिजल्या इटांचा वास आला, की त्यो दिस आठवतो. चाकणला पत्र्याची खोली पाडून आमच्या घराचं बांधकाम चाललं व्हतं. मी तीस वरसं मोशी-आकुर्डीत लोकांच्या इमारतींवर घमेली वाहिली, पर त्या बायांनी मला मालकीण म्हनून खुर्चीत बसवलं. बघते तर इटा कोरड्याच लावत्यात. कोरडी इट सिमेटातलं पानी पिती, मग भिंत धरत न्हाई. सून म्हनली, "आत्या, गप बसा की, फुकट बांधत्यात." गवंडी म्हनला, "पाव्हण्यांचं मन कशाला मोडायचं?" म्या म्हनलं, "पाव्हण्या जातील आपल्या देशी. भिंतीखाली निजायचंय मला." उठले आन् एक इट पान्याच्या पिंपात बुडवली. बुडबुडे थांबंनात. त्या चौघींतली एक बाई वाकून बघत राहिली. मग तिनं सोताच्या हातानं लावलेले तीन थर उतरवले, आन् मला हाताला धरून शेजारी उभं केलं. इटा भिजवून आमी दोघींनी ते थर फिरून रचले. भिंत अजून हाय. तुमी कुनाचं घर बांधाया गेलात, तर त्या घरच्या बाईला आधी इचारा, तिला काय येतं.