साडूंचा मॅन्टलपीस

झाडाखाली पडलेली फुकटची वस्तू न उचलता माझे साडू पुढे गेले, असं इंग्लंडमधल्या त्यांच्या बेसिंगस्टोक गावात आजवर एकदाही घडलेलं नाही. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. ऑक्टोबर लागला की त्यांच्या कोटाच्या एका खिशात पाइनची बोंडं आणि दुसऱ्यात मेपलची पानं. मोबाइल काढायला हात घातला की आधी अर्धा बगिचा बाहेर येतो. एकदा लंचच्या वेळी ते ऑफिसच्या कार पार्कमध्ये ओणवे होऊन पानं निवडत होते, तेव्हा सिक्युरिटीवाल्यानं काय हरवलंय म्हणून विचारलं. हे म्हणाले, कॉन्टॅक्ट लेन्स. नाकावर जाड भिंगांचा चष्मा असताना. तो भला माणूसही दहा मिनिटं त्यांच्याबरोबर शोधत राहिला.

हे वेड लागलं दोन हजार पाच साली, आणि तेही बायकोपायी. मेहुणी आदल्या हिवाळ्यात इथे आली होती आणि तिला काही केल्या करमेना. स्वयंपाकातून तिचं मन पार उडालं होतं. दोघं टोस्टवर दिवस काढत. सप्टेंबरात तिनं शांतपणे सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर पुण्याला परत जाते, तुम्ही या मागून. साडूंचं धाबं दणाणलं. पण त्यांना आठवलं की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे चहाला गेल्यावर मेहुणी त्यांच्या फायरप्लेसवरच्या फळीकडे, म्हणजे मॅन्टलपीसकडे, बराच वेळ बघत उभी होती. तिथे बाईंनी पानंबिनं लावून ऑटम मांडला होता. झालं, रोगाचं निदान झालं. बजेट ठरलं तीन पौंड, आणि तेसुद्धा डिंक फुकट मिळत नाही म्हणून.

पानं सपाट व्हावीत म्हणून साडूंनी त्यांना इस्त्री केली. स्वतःच्या शर्टाला या माणसानं जन्मात इस्त्री लावलेली नाही. करपलेल्या पानांच्या धुरानं स्मोक अलार्म दोनदा वाजला. रोज ऑफिसातून मला फोन करून ते डाव्या बाजूला किती बोंडं आणि उजव्या बाजूला किती, याची चर्चा करत. मी लंडनमध्ये ईलिंगला बसून हो हो म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर हिला नक्कल करून दाखवायचो. शेवटी बाजार उठता उठता स्वस्तात मिळालेला लाल भोपळा मधोमध बसला, शेजारी दोन मक्याची कणसं आणि चार सफरचंदं.

तिसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज पडलेला होता.

"भोपळा गेला हो. तिनं घारगे केले. म्हणाली, शोभेला कशाला ठेवायचा, कुजवायचाय का?"

मी पोटभर हसलो. माझं हसू ओसरेपर्यंत ते थांबले आणि मग हळूच म्हणाले, "मी सहा खाल्ले. दहा महिन्यांनी कढई बाहेर काढली तिनं."

त्यानंतर साडूंनी सजावटीचं धोरणच बदललं. दर शनिवारी नवा मॅन्टलपीस: कधी बीट, कधी गाजरं, कधी कुठल्याशा गोऱ्या सहकाऱ्याच्या बागेतले हिरवे टोमॅटो. शुक्रवारपर्यंत फळी साफ. कणसांचा उपमा झाला, सफरचंदांचा मुरंबा झाला, टोमॅटोची चटणी झाली.

दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा फळीवर वाळलेली पानं आणि एक कांदा एवढंच उरलं होतं. मेहुणी चकल्या तळत होती. पुण्याचं तिकीट काढलं का, असं मी तिला चिडवलं.

"काय करू, भाऊजी," ती झारा निथळवत म्हणाली. "दिसायला ध्यान असतं ते. पण मांडून झालं की हा माणूस बाजूला उभा राहून माझ्याकडे बघत राहतो. मग जायचं कसं?"

संध्याकाळी परतताना ट्रेनमध्ये मला एकदम वाटलं की हिनंही इथला पहिला हिवाळा काढलाच असेल की. मी सकाळी आठला बाहेर पडायचो आणि सातला परत यायचो. मधल्या अकरा तासांत ही काय करत होती, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आठ वर्षांनी विचारलं.

"आता कशाला विचारतोस?" ही म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग वोकिंग स्टेशन गेल्यावर, खिडकीबाहेर बघत, तिनं सांगायला सुरुवात केली.