गिगाताई आणि भिंतीपलीकडचा दिवा

समजा, तुम्हाला एक सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं आहे. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात भिंतीतल्या विजेची बाजू काढा, जिला हात लागला तर माणूस जाईल. उजव्या भागात सौम्य बाजू काढा, जिची वायर पेशंटच्या छातीपर्यंत पोचते. दोन्हींच्या मध्ये रिकामी पट्टी ठेवा. या पट्टीतून एकही तार जाता कामा नये. तरीही उजवीकडे किती व्होल्टेज पोचतंय हे डावीकडच्याला सतत कळलं पाहिजे, नाहीतर तो कमी-जास्त देणार कसं? म्हणून त्या पट्टीवर एक काळा, चार पायांचा तुकडा बसवा. त्याला ऑप्टोकपलर म्हणतात. त्याच्या पोटात उजव्या बाजूला इवलासा दिवा असतो, आणि डाव्या बाजूला त्या दिव्याकडे टक लावून बसलेला ट्रान्झिस्टर. निरोप जातो तो नुसत्या उजेडाने.

आता सर्किट चालवा. सॉफ्टवेअर हटून बसेल. उजव्या बाजूला कुठेच जमीन, म्हणजे मोजायला शून्याची खूण नाही, तिथलं व्होल्टेज कशाच्या हिशेबाने सांगू, असं त्याचं म्हणणं. मग तुम्ही दोन्ही बाजूंच्या मध्ये एक गिगाओहमचा रेझिस्टर टाकता. एवढा मोठा, की त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. खऱ्या बोर्डावर तो नसतोच. पण पडद्यावर तो असल्याशिवाय गणित पुढे सरकत नाही.

हा रेझिस्टर न विसरता टाकणारी बाई म्हणून कारखान्यात तिचं नाव गिगाताई पडलं. हॉस्पिटलमध्ये खाटेशेजारी जो मॉनिटर असतो, त्याला वीज पुरवणारे डबे हा कारखाना बनवतो. प्रत्येक डब्याचं सर्किट आधी गिगाताई पडद्यावर चालवून बघणार, मग पुढचं सगळं. तिची जागा स्टोअरच्या दाराला लागून, एसीच्या तोंडाखाली. जेवायच्या सुट्टीत बाकीचे कँटीनला जात. ती तिथेच स्वेटर घालून डबा खाई. कोणी बोलवत नसे असं नाही. सुरुवातीला बोलवत, ती "आलेच" म्हणे, आणि येत नसे. मग बोलावणं आपोआप थांबलं.

तिच्या घराच्या दोन खोल्या आहेत असं म्हणावं तर एक तिची, एक दादाची. पूर्वी मध्ये दार होतं. आई गेली त्या आठवड्यात दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हिला काय विचारता? हिच्या पडद्यावर सगळं ठीकच असतं." आईचे रिपोर्ट तिने वाचले होते, आणि काळजीचं कारण नाही असं तिनेच सांगितलं होतं. त्या वाक्यानंतर तिने गवंडी बोलावून मधलं दार विटांनी बंद केलं. वरची काचेची झडप तेवढी राहिली, कारण गवंडी म्हणाला, "ताई, हवा तरी येऊ द्या."

दादा शाळेची बस चालवतो. पहाटे जातो, दिवेलागणीला येतो. बोलणं बंद. पण अंधार पडला की झडपेच्या काचेतून त्याच्याकडच्या दिव्याचा पट्टा तिच्या छतावर उमटतो. दादा घरी आला, एवढं तिला त्यावरून कळतं. ती झोपेपर्यंत पट्टा असतो. पुढे कधीतरी तो दिवा घालवत असणार, असं ती धरून चालली होती. गेल्या वर्षभरात तो पट्टा चांगलाच ठळक झाला होता. नवा दिवा घेतलेला दिसतोय, मजेत आहे म्हणायचा, असं मनात येऊन ती कूस बदले.

तक्रार आली ती या सुमारास. जुन्या डब्यांवरचे काही मॉनिटर आपोआप बंद पडत होते. पेशंट खाटेवर, आणि शेजारचा पडदा काळा. अजून कोणाला काही झालं नव्हतं, नर्स जागेवर होत्या म्हणून. त्याच सर्किटचा नवा माल गाडीत चढायच्या तयारीत होता.

डिझाइनचे साहेब तिच्यापेक्षा वयाने लहान, पण सरळ माणूस. ते खुर्ची ओढून बसले.

"ताई, तुमच्या पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय ना?"

 दादाने म्हटलेलं तेच वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा कानावर आलं होतं. साहेबांना त्यातलं काय ठाऊक!

त्या दिवशी पहिल्यांदा ती ऑप्टोकपलरच्या मॉडेलकडे नीट बघत बसली. आत एकच महत्त्वाचा आकडा: दिव्यातून जेवढा प्रवाह जातो, त्याच्या किती टक्के समोर उमटतो. शंभर टक्के. काल शंभर, आज शंभर, दहा वर्षांनीही शंभर. मॉडेलमधला तुकडा कायम आजच कारखान्यातून निघालेला. खरा दिवा मात्र जळून जळून मंदावतो, हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. तरी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून आलेला आकडा कोणी हलवत नाही, कारण सर्किट चालतंय तर कशाला हात लावा?

तिने तो ऐंशी केला. काही फरक नाही. साठ. नाही. चाळीस केला आणि उजवीकडची बारा व्होल्टची रेघ वर चढायला लागली. तेरा, चौदा, साडेचौदा. दिवा मंदावला की डावीकडच्याला वाटतं पलीकडे कमी पडतंय, म्हणून तो आणखी ढकलतो. मग मॉनिटर जळण्यापासून वाचायला स्वतःच बंद होतो.

साहेबांनी रेघ बघितली, हनुवटी खाजवली. "पटतंय. पण आकडा तुम्ही हाताने खाली ओढलाय. मी शून्य टाकला तर कारखानाच बुडेल. खरा तुकडा इतका खाली येतो, हे वरच्यांना पटवायला काय आहे? गाडी थांबवायची तर मला वर्षानुवर्षं चाललेला एक जुना ऑप्टोकपलर दाखवा. सोमवारी मोजू."

ती रिपेअरवाल्याकडे गेली. "ताई, आम्ही काय संग्रहालय काढलंय?" तो म्हणाला. "जुना डबा आला की भंगारात, नवा डबा पेशंटपाशी. तुम्ही कधी खाली आला असतात तर ठेवला असता एखादा."

एक जुना डबा कुठे आहे हे तिला खरं तर साहेब बोलत असतानाच आठवलं होतं. आईच्या उशाशी रात्री दिवा हवा म्हणून तिने स्वतः बनवलेला. कंपनीचं सर्किट पुढे त्यावरूनच निघालं. ऑप्टोकपलर त्याच जातीचा. तो दिवा भिंतीपलीकडे होता.

रविवारी दुपारी ती दादाच्या दारापुढे उभी राहिली. दोन्ही दारं एकाच गॅलरीत, चपला काढायची फरशीसुद्धा एकच. कडी वाजवायला तिने हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. परत जावं, साहेबांना सांगावं की नाही मिळाला. मग पेशंटशेजारचा काळा पडदा डोळ्यांसमोर आला, आणि तिने कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण? मीटरवाला पण मीच म्हणतो."

"दादा, दार उघड."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला.  मग दार उघडलं. दादाचे केस पार पांढरे झाले होते. रोज संध्याकाळी त्याचा उजेड बघूनही तिला हे माहीत नव्हतं.

"बोल."

"आईच्या दिव्याचा डबा हवाय. मोजायचाय."

"मोज की. तेवढंच तर येतं तुला." पण तो बाजूला झाला.

आईची खाट तिथेच होती, चादर घातलेली. उशाशी दिवा भर दुपारी चालू, बघवत नव्हता इतका प्रखर.

"नवा घेतलास?" तिने विचारलं.

"छे, तोच. हल्ली हल्ली फार झगझगायला लागलाय. म्हटलं, बहिणीने बनवलेली वस्तू आहे, म्हातारपणी तेज चढलंय."

"तेज कसलं, बिघडलाय तो." ती डब्याचे स्क्रू काढू लागली. "आतला छोटा दिवा मंदावलाय. समोरच्याला पुरेसं दिसत नाही, म्हणून तो जास्त वीज ढकलतोय."

दादा खाटेच्या कडेवर बसला. "म्हणजे आतून विझत आला, म्हणून बाहेरून जास्त उजेड?"

"हो."

"आणि तू पलीकडून काय समजत होतीस?"

ती स्क्रूकडे बघत राहिली. "तू मजेत आहेस असं."

दादा हसला. अगदी थोडंसं, नाकातून. मग म्हणाला, "ने. पण तुझ्या पिशवीतलं काहीतरी लावून जा. या खोलीत अंधार नको." तिने सोबत आणलेला चाचणीचा डबा दिव्याला जोडून दिला. निघताना तो एवढंच म्हणाला, "परत आणायला वेळ काढशील, का त्यालाही वर्षं लावशील?"

सोमवारी साहेबांसमोर मोजणी झाली. तुकड्यात एक तृतीयांशसुद्धा जोर उरला नव्हता. साहेबांनी मीटरवरचा आकडा दोनदा वाचला, फोन उचलला आणि गाडी थांबवली. आतल्या छोट्या दिव्याच्या आधीचा रेझिस्टर बदलायचा ठरला, म्हणजे म्हाताऱ्या तुकड्यालाही पुरेसा प्रवाह मिळेल. जुने डबे परत बोलवायची चिठ्ठी साहेबांनी गिगाताईच्या शेजारी बसूनच लिहिली. जाताना म्हणाले, "ताई, कँटीनला येताय?" ती "आलेच" म्हणाली.

गेली मात्र नाही. तिला एक गणित पुरं करायचं होतं. मॉडेलमध्ये आता वय टाकता येणार होतं, पण त्यासाठी हा तुकडा किती तास जळला ते हवं. आई गेल्यापासून रोज संध्याकाळचे तास धरून तिने हिशेब मांडला. जुळेना. इतक्याशा वापराने आतला दिवा एवढा मंदावतच नाही. रात्रभर धरला, तरी कमी पडलं. मग तिने दिवसाचे तासही टाकले. सकाळ, दुपार, दादा बस घेऊन गावभर फिरत असतानाचे सगळे तास. रेघ मोजलेल्या आकड्यावर अलगद येऊन बसली.

दिवसा झडपेतून तिला काही दिसायचा प्रश्नच नव्हता. उन्हात तो पट्टा कुठे कळणार!

संध्याकाळी ती दुरुस्त केलेला डबा पिशवीत घालून गॅलरीत उभी आहे. दादाची बस अजून यायची आहे. त्याच्या बंद दाराच्या फटीतून, रिकाम्या खोलीतून, तिने काल डबा जोडून दिलेल्या दिव्याचा उजेड फरशीवर आलेला आहे. दादा आला की डबा हातात देऊन आत जाता येईल. पण त्याआधी तिला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि तोंडातून कशी काढावी ते सुचत नाहीये: घरात कोणीही नसताना, दिवसरात्र, दादा तो दिवा कोणासाठी चालू ठेवत होता?