कमलाबाईंची फरशी

गिरडच्या रस्त्यावर आमची शाळा होती. जपानपासून केनियापर्यंतची मुलं तिथे राहून शिकत, आणि पृथ्वी कशी वाचवायची हा आमचा मुख्य विषय. मी मराठी शिकवायचे, म्हणजे पृथ्वी वाचवण्यात माझा वाटा बेताचाच. आवारात सिमेंटला बंदी होती. मातीच्या भिंती, कवेलूंची छपरं, शेणानं सारवलेल्या जमिनी. हे सगळं उभं करणारे संचालक अण्णाजी सदऱ्याच्या बाह्या दुमडून स्वतः सारवायला बसत. ढोंगी अजिबात नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड जायचं.

सत्त्याण्णव साली मुलींच्या वसतिगृहाचं काम बघायला कमलाबाई आल्या. नवरा पुलगावच्या मिलमध्ये होता. तो वारल्यावर लेकीला, रोशनीला, घेऊन आल्या. नोकरीबरोबर त्यांना एक खोली मिळाली आणि रोशनीला वर्गात जागा. बाई कडक होत्या. न्हाणीत पाणी सांडून ठेवणाऱ्या जर्मन पोरीला त्या अस्सल वऱ्हाडीत झापायच्या, आणि तिला ते बरोबर कळायचं.

दिवाळीत शाळा रिकामी झाल्यावर बाईंनी सिंदी मेघेहून, भावाच्या बांधकामातली उरलेली शहाबादी फरशी टेम्पोत घालून आणली आणि आपल्या खोलीत बसवून घेतली. आम्ही सुट्टीहून परतलो तर त्या मातीच्या राज्यात एक खोली लख्ख पुसलेली! मुली अनवाणी जाऊन त्या गार फरशीवर लोळू लागल्या.

अण्णाजींच्या ते जिव्हारी लागलं. रागावले असते तर बरं, पण त्यांनी समजूत घातली. फरशी काढा, रविवारच्या श्रमदानात आपण सगळे मिळून तुमची खोली सारवू. बाई म्हणाल्या, "नाई." त्यांनी पुन्हा समजावलं, पुन्हा "नाई." मग त्यांचा आवाज बदलला. रविवारी बाईंनी सारवायला हात लावला नाही, तर दुसरी नोकरी बघावी. म्हणजे खोली गेली आणि नववीतल्या रोशनीची शाळाही गेली. माझं डोकंच फिरलं. "मी बोलू का अण्णाजींशी?" असं मी बाईंना विचारलं.

"तुमी काऊन? मले तोंड हाये ना," त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही सगळे घमेली घेऊन निघालो. शेणात हात घालायला मिळणार म्हणून मुलं खुशीत होती. बाई दारात उभ्या होत्या, पांढरंशुभ्र कडक लुगडं नेसून, जणू बुद्धपौर्णिमाच आहे. मागे रोशनी.

अण्णाजी पुढे झाले. कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात त्यांनी दाखवले. "बाई, हे श्रमदान आहे. यात कमीपणा कसला? मी स्वतः करतो."

"तुमी करता, कारन तुमच्या मनात आलं. दान त्यालेच म्हन्तेत," बाई म्हणाल्या. "माही माय मालगुजाराचा गोठा काढे, आंगन सारवे. तुह्या मनात हाये का, असं तिले कोनी इचारलं नाई. त्याले वेठ म्हन्तेत, अण्णाजी. आन् सारवून झालं का ओसरीवर पाय ठेवाची सोय नाई. छप्पन साली नागपूरवरून दीक्षा घेऊन आली, तवा तिनं शेनाची टोपली फेकून देल्ली. ते मी परत उचलत नाई. नोकरी घ्या, पोरीचं नाव काढा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात शेणाचे होते.

अण्णाजींनी फरशीकडे बघितलं. चेहरा उतरला होता. "माझ्या हे कधी डोक्यातच आलं नाही," ते हळू म्हणाले. "रोशनी कुठेही जाणार नाही. मी आत येऊन बसू का थोडा?" आणि त्यांनी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं.

बाईंनी दारात हात आडवा धरला.

"या ना, बसा. पन पह्यले हात धुऊन या. शेनाच्या हातानं माह्या घरात कोनी येत नाई."

संचालक सगळ्या शाळेसमोर नळावर गेले आणि खाली बसून हात चोळू लागले. बाई दारातून बघत होत्या.

"नखातलं भी काढा," त्या म्हणाल्या. मग मागे वळून, "रोशने, चाय मांड."