खोडरबरानं घासलेली मेमरी
लेकीच्या दप्तरातून नव्या खोडरबराचा वास आला, की मला सेनगावातल्या माझ्या फॉर्म भरायच्या दुकानातली एक दुपार आठवते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची मुदत संपत आली होती, बाहेर पोरी ताटकळल्या होत्या आणि कॉम्प्युटर घडोघडी अडकत होता. हिंगोलीहून आलेल्या मेकॅनिकनं तो उघडला, मेमरीची जुनी पट्टी काढून तिची मळलेली सोनेरी कड खोडरबरानं घासून साफ केली, ती परत लावली आणि शेजारी नवी पट्टी बसवली. माझ्या मनात पाल चुकचुकली. आधीच्या एका मेकॅनिकनं कॉम्प्युटरमधला जुनाच पंखा पुसून नवा म्हणून बसवला होता. "ही नवीबी अशीच घासून आणली असंल," मी म्हणाले. तो चिडला नाही. "ताई, मेमरी म्हंजे सैपाकाचा ओटा. लहान असला की एक भांडं उतरवल्याबिगर दुसरं ठेवता येत न्हाई. तुमीच बघा," म्हणत त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि नवी पट्टी काढून माझ्या हातात दिली. नुसत्या जुन्या पट्टीवर चालू केला, तर तिसराच फॉर्म उघडताना स्क्रीन हलेना. मग कॉम्प्युटर बंद करून मी स्वतः नवी पट्टी दाबून बसवली. आठ फॉर्म भराभर उघडले. मी खजील झाले. आता एखादी बाई "फॉर्म खरंच गेला का?" असं विचारते, तेव्हा मला राग येत नाही; मी स्क्रीन तिच्याकडे वळवते.