दात बघून घेतलेला समुद्र

व्हीआर हेडसेटची आमच्या दाजींइतकी माहिती असलेला माणूस सगळ्या उमरगा तालुक्यात नाही, आणि तालुक्याबाहेरही सापडेल असं मला वाटत नाही. डोळ्यांवर चढवलं की घरबसल्या दुसऱ्याच मुलखात नेऊन सोडणारं ते यंत्र. नवीन कोणतं निघालं, कुणाच्या काचेत धूसर दिसतं, कुणाचा पट्टा कानाला काचतो, हे सगळं दाजींना तोंडपाठ. फक्त एक गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत केली नाही. ते यंत्र स्वतःच्या डोळ्यांना लावलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक आहेत. म्हणजे जनावरांच्या जखमा धुतात, पट्ट्या बांधतात आणि डॉक्टर नसले की न मागता सल्लाही देतात. जनावरांच्या तोंडात हात घालण्यात उमर गेलेला हा माणूस कुठल्याही वस्तूकडं दात मोजल्याशिवाय बघू शकत नाही. बाजारात आलेला नवा हेडसेट त्यांच्या लेखी ‘आदत’, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेलं खोंड. लोकांनी वर्षभर वापरला, तक्रारी निघाल्या, दुरुस्त्या झाल्या, की तो दोनदाती. मग चारदाती. सगळे दात आले की जुळलेला, आणि घ्यायचा तो जुळलेलाच. अडचण एवढीच की हेडसेट जुळत आला की कंपनी तो बंद करायची आणि नवं खोंड दावणीला आणायची. दाजी पुन्हा पहिल्यापासून दात मोजायला बसायचे. न राहवून मी एकदा म्हणालो, “दाजी, घेऊन टाका की एखादा.” ते शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, गेल्या साली घेतला असता तर आज मान धरली असती. तोंडाकडं लई जड हुता तो.”

एवढा खटाटोप त्यांनी स्वतःसाठी चालवला असता तर मी खुशाल हसलो असतो. पण लग्नात त्यांनी अक्काला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं, आणि अक्काला गाडी लागते. अणदूरच्या खंडोबाला जायचं तरी ती लिंबू हुंगत, डोळे गच्च मिटून बसते, आणि जळकोट यायच्या आत एकदा गाडी थांबवावीच लागते. समुद्र तर अणदूरच्या कितीतरी पुढं. तेव्हा अक्काला समुद्राकडं नेण्यापेक्षा समुद्रच घरी आणावा, असा दाजींचा बेत होता. त्यासाठी येऊ घातलेल्या प्रत्येक गेमवर त्यांची नजर. बंदुकांचे आणि भुतांचे गेम त्यांनी नुसत्या चित्रावरून बाद केले. समुद्राचा असला तर मात्र तो खेळून दाखवणाऱ्या परदेशी माणसाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे. इंग्रजीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते त्याचा चेहरा बघायचे. “ह्यो घाम पुसाय लागलाय. ह्याला गाडी लागली. बाद.” अशा परीक्षेतून एकच गेम पास झाला. त्यात किनाऱ्यावर नुसतं उभं राहायचं होतं आणि लाटा पायावर येणार होत्या. कंपनीनं त्याची तारीख तीनदा पुढं ढकलली. तिसऱ्यांदा बातमी आली तेव्हा दाजी ठरलेली सोयरीक मोडल्यासारखे ताटावरून उठले. अक्का म्हणाली, “आवं, समुद्र काय आटतोय व्हय तेवढ्यात? जेवा.”

उमरग्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात दाखवायला म्हणून एक हेडसेट आला, तेव्हा दाजींनी मला बरोबर नेलं. त्यांनी यंत्र उलटंपालटं केलं, पट्ट्यात बोट घालून सैलपणा बघितला आणि दुकानदाराला म्हणाले, “जरा चालवून दाखवा.” बिचाऱ्यानं ते चालू करून पुढं केलं. दाजी म्हणाले, “मला न्हाय. तुमी घाला आन् चाला.” मग तो भला माणूस डोळ्यांवर यंत्र चढवून दुकानात दोन फेऱ्या चालला, फ्रिजला धडकला, आणि दाजी मागून त्याच्या मानेचा तोल निरखत राहिले. शेवटी म्हणाले, “चाल बरी हाय. पण अजून आदत हाय.” दुकानदाराला बहुधा ते स्वतःबद्दल वाटलं.

मग अक्का दारातल्या घागरीला अडखळून पडली. पंधरा दिवसांनी पुन्हा पडली. उमरग्याच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. नजर कडेकडेनं गेली आहे, गेलेली परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून जपायची. त्याच आठवड्यात दाजींनी हेडसेट मागवला, तोही बाजारात नुकताच आलेला, चक्क आदत. सगळ्या कसोट्यांतली एकच त्यांनी राखली होती: कडेला जास्तीत जास्त रान दिसलं पाहिजे.

खोकं आलं त्या दिवशी मी तिथंच होतो. घरात नवं जनावर येतं तेव्हा करतात ते सगळं अक्कानं केलं. उंबऱ्यावर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि यंत्राच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. यंत्राचे कॅमेरे नेमके तिथंच असतात. भर दुपारी ते सांगू लागलं की खोलीत उजेड नाही. दाजींनी खिडक्या उघडल्या, दिवे लावले, बॅटरी आणली. यंत्र ऐकेना. शेवटी कुंकू माझ्या ध्यानात आलं. दाजींनी कापूस ओला करून, वासराचा डोळा पुसावा तसं ते हलक्या हातानं पुसलं.

लाडका गेम अजून आलाच नव्हता. साधा किनारा दाखवणारा एक मिळाला. अक्का खोलीच्या मधोमध उभी राहिली, दाजींनी तिचं कोपर धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अक्कानं दोन्ही हातांनी साडी घोट्याच्या वर उचलली आणि एक पाऊल मागं घेतलं.

“केवढं वं हे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, हळूच, “कडंला काळं दिसतंय. माझंच डोळं असत्याल.”

ज्या कडेसाठी दाजींनी जगातले निम्मे हेडसेट नाकारले होते, तिच्याबद्दल ते ताडकन म्हणाले, “न्हाय गं. यंत्रच आदत हाय. समद्यांलाच काळं दिसतंय.”

नंतर त्यांनी ते माझ्या डोळ्यांवर चढवलं. समुद्र पार या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. काळी कड होती, पण नखाएवढी. अक्काला त्यातला किती दिसला असेल, याचा विचार मी करू लागलो, तेवढ्यात दाजींनी गरजेपेक्षा मोठ्यानं विचारलं, “पाव्हणं, तुमालाबी कडंला काळं दिसतंय का न्हाय?”

“लई,” मी म्हणालो. “निम्मं तर काळंच हाय.”

“बघ,” दाजी म्हणाले.

अक्का हसली, यंत्र माझ्याकडून घेतलं आणि साडी सावरत पुन्हा पाण्यात उतरली.