गोचीडआत्या

आत्या कोणाच्याही दारात गेल्या की आधी तिथल्या जनावराचा कान उलटून बघायच्या. माणसांची विचारपूस नंतर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, पण गावानं त्यांची गोचीडआत्या करून टाकली होती. नणंदेच्या सोयरिकीसाठी आम्ही गेलो, तर चहा येईपर्यंत बाई गोठ्यात. हात झटकत परत आल्या आणि बैठकीतच म्हणाल्या, "पोरगं लय चांगलं हाय, पर गाईच्या कासंला गोचिड्या हायत. तेवढं बघा." सोयरीक जमली. मात्र लग्नाआधी व्याह्यांनी गुपचूप गोठ्याला चुना मारून घेतला.

त्यांच्या कनवटीला झाकणाची एक पत्र्याची डबी असायची. आधी तिच्यात रॉकेल असे, पुढं ते मिळेनासं झाल्यावर ट्रॅक्टरचं डिझेल. कानामागं, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत, शेपटीखाली, कासेच्या खोबणीत त्यांची बोटं न बघता फिरायची आणि अचूक थांबायची. मी परभणी शहरातली; नवी नवरी असताना एक गोचीड दगडानं ठेचायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "फोडू नको माय. तिच्या पोटात कोन्या जनावराचा रोग हाय, तुला काय म्हाईत? डबीत टाक."

"गोचीड जनावरावर थोडी, भितीत लय," हे त्यांचं ठाम मत. रक्त पिऊन टरारलेली गोचीड खाली पडते, सरपटत भिंतीच्या भेगेत जाते आणि तिथं अंडी घालते, हे त्यांनी गोठ्यात बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून दर उन्हाळ्यात आमच्या गोठ्याची एकेक भेग त्या बुजवून घ्यायच्या आणि मला चिखल कालवायला बसवायच्या. पुढं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला हेच सगळं कागदावर चित्र काढून समजावलं. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, साहेब, हे मी चिखल कालवताना शिकलेय.

लम्पीची साथ आली तेव्हा लस टोचून घ्यायला पहिली गाय आमची होती. माशा आणि डास रोग नेतात हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. तिन्हीसांजेला गोठ्यात कडुलिंबाचा धूर व्हायचा आणि आम्ही सगळे डोळे चोळत जेवायचो.

आता त्या पोळ्याचं सांगते. आमच्या गावात पोळ्याचा मान आमच्या घराचा. मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिला बैल आमचा जायचा, आणि त्याच्या पाठीवर भावकीची एकुलती एक आरशांची लाल झूल असायची. ती झूल वर्षभर माझ्या चुलत सासऱ्यांच्या, बापूमामांच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली असे. बापूमामा बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. सहा-सहा महिने परमुलखात, शंभर गावच्या बैलांत बैल बांधून यायचे.

त्या वर्षी पोळ्याच्या सकाळी बापूमामा झूल घेऊन आले. आत्यांनी शिवणीवरून बोटं फिरवली आणि ती थांबली. एक, दोन, चार. डबीत टाकून त्यांनी झूल घडी केली.

"ही माझ्या बैलावर चढायची न्हाई."

"वैनी, झुलीबिगर मान न्हाई," बापूमामा तापले. "बापजाद्यापासून चालत आलंय. आज तुमी आमाला घान म्हनायलाव व्हय?"

"तुमाला न्हाई म्हनत. झुलीला म्हनायले. मान गेला तर जाऊ द्या, बैल ऱ्हाईल."

आणि मान गेला. झूल बापूमामांच्या बैलावर चढली, तो पहिला निघाला. आमचा बैल नुसत्या हळदीच्या खांद्यानं सगळ्यांच्या मागून गेला. लोक हसत होते. मला त्या दिवशी आत्यांची लाज वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. एका किड्यापायी बाईनं घराचं नाक कापलं, असं मी नवऱ्याजवळ बोललेसुद्धा. आत्यांनी ते ऐकलं, पण बैलाला पुरणपोळी भरवत राहिल्या.

वीसेक दिवसांनी बापूमामाच पळत आले. बैलानं वैरण सोडली होती, अंग तापलं होतं आणि लघवी लाल व्हायला लागली होती. ऊसतोड तोंडावर आलेली. बैल गेला तर गाडी जागेवर आणि घरची सगळी माणसं हात बांधून. आत्या उठल्या. माझ्या नवऱ्याला डॉक्टरांना आणायला पिटाळलं आणि स्वतः बैलाच्या मानेवर हात ठेवून बसून राहिल्या. डॉक्टरांनी कानातलं रक्त काचेवर घेतलं, गोचीड ताप सांगितला, सुई दिली. बैल वाचला. रोग झुलीतल्याच गोचिडीनं दिला की ऊसतोडीहून आलेल्या दुसऱ्या कुठल्या, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आत्यांनी मात्र "मी म्हटलं नव्हतं का" एवढं एक वाक्य शेवटपर्यंत उच्चारलं नाही. मी असते तर दहादा म्हटलं असतं.

पुढच्या पोळ्याला बापूमामांनी झूल आणून त्यांच्या पायाशी ठेवली. "वैनी, मान तुमचाच हाय."

"मान ऱ्हाऊ द्या. लग्नातली मोठी कढई तेवढी आना."

तेव्हापासून आमच्या गावात पोळ्याच्या सकाळी मारुतीपुढं झूल उकळतात. लाल रंग उतरून ती पार गुलाबी झाली, काही आरसे गळाले. उकळलेली झूल आधी आत्यांच्या हाताखालून जायची, मगच बैलावर. बैल बापूमामांचाच पहिला राहिला; पण आत्यांचं बोट फिरल्याशिवाय तो पाऊल उचलायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. श्रावण आला तसा मला पोळ्याचा धसका बसला. त्या दिवशी सगळं गाव बैल धरून उभं, हलगी कडाडत होती, आणि थकलेल्या बापूमामांनी ओली झूल माझ्यापुढं धरली. पोरांनी ती घाईत, पाणी नीट उकळायच्या आधीच कढईतून काढली होती. मी हात फिरवायला लागले. आत्यांसारखाच, न बघता. गळपट्टीच्या दुहेरी शिवणीत बोट अडलं. बारीक, चपटी, आणि जिवंत.

मी कनवटीची आत्यांची डबी काढली. "परत उकळावी लागंल," कसंबसं म्हणाले.

हलगी थांबली. एक जण कुरकुरला, ऊन चढायलंय, बैल खोळंबलेत. बापूमामा गर्रकन वळले.

"ऐकू येत न्हाई का रे? गोचीडआत्या म्हनायलीय ना, मंग चढवा कढई!"

मी मागं वळून पाहिलं. सवयच ती. मागं कोणी नव्हतं. मग मी डबीचं झाकण दाबून लावलं, ती पुन्हा कनवटीला खोचली आणि पाणी उकळेपर्यंत तिथंच उभी राहिले.